नकाशावरचं कुंकू

खंडेनवमीला आमच्या वाचनालयात तीन वस्तूंची पूजा होते. एक गोल शिक्का, दुसरं पंचिंग मशीन आणि तिसरा नकाशा. शस्त्रं म्हणावीत अशी आमच्याकडे एवढीच. शिक्क्याला आणि मशीनला हळदीचं एकेक बोट लागतं. नकाशाला मात्र कुंकू, आणि तेही ठरलेल्या जागी, डाव्या काठाला, जिथे आधीच्या कार्यवाहांनी लावलेलं असतं त्याच्याच वर. गेली अकरा वर्षं ते बोट माझं आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे काही झालं त्यात माझ्यावर निष्काळजीपणाचा आरोप झाला आणि तो मला मान्य नाही. मी अतिशय काळजीपूर्वक कुंकू लावलेलं आहे.

माझं नाव नाथाजी, पण ते फक्त रेशनकार्डावर चालतं. गावात मी ‘कंट्रोलर’. एस.टी.त वाहतूक नियंत्रक म्हणून तीस वर्षं खिडकीत बसून कोणती गाडी कुठे जाईल हे मी माइकवरून सांगितलं. शिराळ्याची गाडी म्हटली की माणसं तिकडे पळायची, आटपाडीची म्हटली की इकडे. आपण बोललो की लोक दिशा बदलतात, ही सवय एकदा लागली की निवृत्तीच्या नारळाबरोबर सुटत नाही. तासगावजवळच्या आमच्या सावळवडीत, मारुतीच्या देवळाच्या अंगाला जागा घेऊन मी घर बांधलं, भोवती कंपाउंड घातलं आणि वाचनालयाचा मानद कार्यवाह झालो. मानद म्हणजे पगार नसतो, बोलणी मात्र पूर्ण मिळतात. कंपाउंडच्या आत चिंचेचा एक जुना बुंधा आहे. त्यावर बसून मी सकाळी पेपर वाचतो. बुंध्याचा उल्लेख आत्ता अनावश्यक वाटेल, पण तो राहू द्या.

तर नकाशा. सहा फूट लांब, चार फूट रुंद, जाड कापडावर हाताने काढलेला आमच्या गावाचा जुना नकाशा. किती जुना, ते कुणाला ठाऊक नाही. माझ्या आधीचे कार्यवाह दोनशे वर्षं म्हणायचे, म्हणून मीही दोनशे म्हणतो. एका पत्र्याच्या पेटीत आठ घड्या घालून तो असायचा. ईदला वजीरभाईंची मुलगी नूरीन गावी आली, तिथून सगळं सुरू झालं. वजीरभाई आमचे बाइंडर, वाचनालयातल्या निम्म्या पुस्तकांच्या पाठी त्यांनी शिवलेल्या. नूरीन ग्रंथालयशास्त्र शिकून सांगलीला एका संस्थेत लागली होती. तिथे जुने नकाशे मोठ्या यंत्राखाली घालून संगणकावर चढवतात, म्हणजे कापड गेलं तरी नकाशा राहतो आणि कुणालाही कुठूनही बघता येतो. पेटी उघडल्यावर नूरीनने घड्यांवरून बोट फिरवलं.

‘‘काका, हा घडी घालून ठेवता?’’

‘‘पेटी तेवढीच आहे,’’ मी म्हणालो.

‘‘घड्यांवर कापड विरलंय. अजून चार-पाच वर्षांनी तुमच्याकडे आठ रुमाल राहतील. याचं स्कॅनिंग करून घ्या. आमच्याकडे योजना आहे, फुकट होतं. फक्त फॉर्म भरायचा.’’

फक्त फॉर्म भरायचा, हे वाक्य ज्याने आयुष्यात फॉर्म भरलेला नाही तोच उच्चारू शकतो. फॉर्ममध्ये पहिल्याच ओळीत दस्तऐवजाचा नोंद क्रमांक मागितला होता. आमच्या साठा नोंदवहीत नकाशा सापडला नाही. सापडलं ते असं : ‘फडके, जाड, रंगीत, जुने, नग १.’ मी संस्थेत फोन केला. पलीकडच्या गृहस्थांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘म्हणजे तुमच्या रेकॉर्डप्रमाणे तुमच्याकडे नकाशा नाही, फडकं आहे. आम्ही फडकी स्कॅन करत नाही. कमिटीचा ठराव पाठवा.’’

मी सभा बोलावली. विषय एकच : सदर फडके हे नकाशा आहे असे ठरविणे. सभासद सात. सहाजणांनी हात वर केले. सातवा आकाराम. भैरोबाच्या बाजूला त्याची द्राक्षबाग, बागेला लागून बेदाण्याचं शेड. माणूस सरळ, पण प्रत्येक गोष्ट हातात घेऊन बघायची खोड. ‘‘मी बगितल्याबिगर हात वर करत न्हाई,’’ तो म्हणाला. ‘‘फडकं असंल तर फडकं म्हनीन.’’

म्हणून नकाशा टेबलावर उलगडला गेला, आणि म्हणून बनुबाईंनी तो पाहिला. बनुबाई सत्तरीच्या पुढच्या. मुलगा फौजेत, लेहला. दर रविवारी वाचनालयाच्या ओट्यावर बसून त्या त्याच्याशी मोबाइलवर बोलतात, कारण गावात रेंज फक्त तिथेच येते. फोन संपवून त्या आत आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, ‘‘कंट्रोलर, ह्यात माज्या रानाची वाट हाय का बगा की.’’

ही वाट म्हणजे गावाचं जुनं दुखणं. बनुबाईंचं रान ओढ्याकाठी, काळंभोर. तिथे जाणारी पाणंद चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी बुजली. तेव्हापासून त्या लोकांच्या बांधांवरून जातात, आणि पीक उभं असलं की तिथूनही हाकलल्या जातात. ट्रॅक्टर जात नाही, उसाचा ट्रक तर नाहीच. चहूबाजूंनी ऊस उभा, मध्ये बनुबाईंची ज्वारी, आणि तीही डोक्यावरून घरी आणायची. अशा बुजलेल्या वाटा आता सरकार मोकळ्या करून देतं, पण नकाशा दाखवावा लागतो. त्या एका कार्यालयात चार वेळा जाऊन आल्या होत्या. तिथल्या नकाशाची नेमकी तीच घडी झिजून भोक पडलेलं. ‘‘आजी, तुमची वाट आहे,’’ तिथल्या माणसाने समजावलं होतं, ‘‘पण ती भोकात आहे.’’

मी चष्मा पुसला. गावाच्या मधून ओढा जातो. उत्तरेला मारुती, दक्षिणेला भैरोबा. नकाशातही मधोमध ओढा होता, वर एक देऊळ, खाली एक देऊळ. अक्षरं बहुतेक उडालेली. उरलेली मोडीत, तीही चारी बाजूंनी तोंडं करून लिहिलेली, त्यामुळे कुणाला वाचता येण्याचा प्रश्न नव्हता. पण खालच्या देवळापासून निघून, एका झाडाला वळसा घालून ओढ्याला भिडणारी ठिपक्यांची रेघ स्पष्ट होती. मी तिच्यावर बोट ठेवलं. ‘‘ही पाणंद. भैरोबापासून निघते, या झाडाला वळते आणि थेट बनुआक्कांच्या रानात.’’

‘‘झाड कंचं?’’ आकारामने विचारलं. त्याचा आवाज खाली आला होता, कारण भैरोबा आणि ओढा यांच्या मध्ये दुसरं काही नाही, त्याची बागच आहे.

‘‘तुझ्या बागेच्या कडेचा लिंब.’’

तेवढ्यात बनुबाई पुढे आल्या. ‘‘आवं कंट्रोलर, वाट तर चिंचंपासनं जायाची. मारुतीकडनं. मी लगीन हून आले ती त्याच वाटंनं आले.’’

‘‘बनुआक्का,’’ मी म्हणालो, आणि हे वाक्य मला आजही आठवतं, ‘‘तुमची आठवण पन्नास वर्षांची. नकाशा दोनशे वर्षांचा. आपण कुणाचं ऐकायचं?’’ सभा हसली. मीही हसलो.

‘‘तुमी शिकल्याली मानसं,’’ म्हणून बनुबाईंनी पदर सावरला आणि बाकावर जाऊन बसल्या.

नकाशात आणि गावात थोडा फरक होता, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. नकाशातला ओढा जिकडे वळत होता त्याच्या विरुद्ध बाजूला आमचा ओढा वळतो. त्यावर ओढ्याने पात्र बदललं असावं असं ठरलं. एका दगडी विहिरीचा पत्ता लागेना, ती बुजली असावी असं ठरलं. अर्ध्या तासात आम्ही दोनशे वर्षांत न झालेले पाच-सहा बदल गावात करून टाकले आणि नकाशा चोख बसला.

आकाराम मात्र बसला नव्हता. ‘‘पंधरा वरसं जपल्याली बाग हाय, कंट्रोलर. त्यातनं वाट?’’

‘‘नकाशा सांगतो.’’

‘‘आन् उद्या दुसऱ्याच्यातनं निघाली मंजी?’’

‘‘ज्याच्यातून निघेल त्याने सोडायची. मग तो कुणीही असो.’’

‘‘लिवून द्या.’’

मी फळ्यावर लिहून दिलं. ‘पाणंद ज्या इसमाच्या जागेतून निघेल त्याने ती आठ दिवसांत स्वखर्चाने मोकळी करावी. कोणतीही सबब चालणार नाही. कार्यवाह.’ नुसतं लिहून माझं समाधान होईना, म्हणून तेच कागदावर लिहून, शिक्का मारून सूचनाफलकात लावलं आणि काचेला कुलूप घातलं. आकारामने ते दोनदा वाचलं आणि फडकं नकाशा आहे यासाठी हात वर केला.

ठराव गेला, मंजुरी आली आणि नूरीनचा फोन आला की नकाशा सपाट आणि कोरडा करून आणा. पेटीतल्या ओलीने तो दमट झाला होता आणि घड्यांनी चुरगळलेला. गावात सल्ल्यांचा पाऊस पडला. आमच्या हिने इस्त्री तापवूनच ठेवली होती. शेजारच्यांनी तो गादीखाली घालून आठ दिवस झोपायला सांगितलं. त्यांच्या मुलीची पत्रिका अशीच सरळ झाली होती. तासगावच्या फ्लेक्सवाल्याने तर फोटो मागवून घेतला. ‘‘सर, स्कॅनबिन कशाला? मी नवा कोराच काढून देतो. रंग भरतो, कोपऱ्यात तुमचा फोटो टाकतो.’’ मी नको म्हणालो. त्याने ते नम्रता म्हणून घेतलं, हे पुढे कळलं.

शेवटी वजीरभाई आले. कापड बोटांत धरून म्हणाले, ‘‘ऊन नगं, इस्तरी नगं, पंखा नगं. सावली पायजे आन् चारी बाजूंनी खेळता वारा. जाळीवर आडवा टाकून आठ दिस हात लावायचा न्हाई.’’ असं ठिकाण पंचक्रोशीत एकाच प्रकारचं असतं, आणि ते म्हणजे बेदाण्याचं शेड. आणि आमच्या गावात शेड एकच, आकारामचं.

ज्या माणसाची बाग मोडायची त्याच्याच शेडमध्ये पुरावा वाळत घालायचा, म्हणून मी नाक मुठीत धरून गेलो. वाटेत दोन-तीन भाषणं जुळवली होती. आकारामने एकही होऊ दिलं नाही. ‘‘नकाशा काय माजा का तुमचा? गावचा हाय. आना,’’ म्हणाला, आणि वरून दुसरी जाळी रिकामी करून दिली. खाली द्राक्षं, वर द्राक्षं, मध्ये आमचं गाव. कामाच्या बायकांना त्याने ताकीद दिली की त्या जाळीला धक्का लागला तर रोजगार बंद.

आठ दिवस शेडला यात्रेचं रूप आलं. प्रत्येकाला आपला बांध बघायचा होता. ज्याला आपलं रान नकाशात मोठं दिसलं तो चहा घेऊन गेला, ज्याला लहान दिसलं त्याने नकाशावाल्याच्या घराण्याची चौकशी केली. तिसऱ्या दिवशी नकाशात एक नवी विहीर उगवली. तिच्यावरून दोन भाऊबंदांत हमरीतुमरी झाली. सहाव्या दिवशी वजीरभाईंनी ती विहीर नखाने उचलून तोंडात टाकली. वरच्या जाळीतून पडलेला बेदाणा होता. भाऊबंद मात्र अजून बोलत नाहीत.

आकारामला मी रोज त्या ठिपक्यांच्या रेघेपाशी उभा असलेला बघत होतो. आठव्या दिवशी तो म्हणाला, ‘‘कंट्रोलर, खरं निघू द्या. खरं निघालं तर द्राक्षाच्या दोन वळी काढतो. म्हातारी किती वरसं डोक्यावरनं आनायची?’’ मी त्याच्या पाठीवर थाप मारली. मोठ्या माणसाने मारावी तशी मारली, हे कबूल करतो.

नकाशा गुंडाळायला घडी नको म्हणून वजीरभाईंनी पाण्याचा एक जाड पाइप आणला. त्यावर मलमल, मलमलीवर नकाशा, नकाशावर पुन्हा मलमल. पाइप पाच फुटांचा. तो घेऊन आम्ही सांगलीच्या एस.टी.त चढलो. कंडक्टर पोरगेलासा होता. त्याने पाइप पाहिला आणि सामानाचं तिकीट घ्या म्हणाला. मी त्याला शांतपणे विचारलं की मी कोण आहे हे ठाऊक आहे का. तो म्हणाला, ‘‘प्लंबर?’’ वजीरभाई सांगली येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते, त्यांचे खांदे हलत होते.

संस्थेतली खोली थंड आणि स्वच्छ होती. मोठ्या पांढऱ्या टेबलावर नकाशा अंथरला, वर कॅमेऱ्याचं यंत्र, शेजारी भला मोठा पडदा. नूरीनने हातमोजे घातले आणि बारीक ब्रशने धूळ काढत काढत ती डाव्या काठाशी आली.

‘‘काका, हे कुंकू किती वर्षांचं आहे?’’

‘‘माझं अकरा वर्षांचं. खालचं आधीच्यांचं.’’

‘‘पापुद्रे सुटताहेत. हे काढावं लागेल.’’

मी म्हणालो की हा श्रद्धेचा विषय आहे, कमिटीला विचारावं लागेल. वजीरभाई म्हणाले, ‘‘लावताना नकाशाला विचारलं हुतं का?’’ नूरीनने पापुद्रा उचलला. मग दुसरा, मग तिसरा. अर्धा तास लागला. खालून आधी एक डोळा निघाला, मग दुसरा डोळा, मग मिशा, मग गोल तोंडाभोवती पिवळ्या किरणांची रांग.

सूर्य. मिशीवाला, हसरा, उगवता सूर्य.

पहिल्या कार्यवाहाने सूर्याला कुंकू लावलं असणार, आणि बरोबरच लावलं. दुसऱ्याने कुंकवावर लावलं. तिसऱ्यापासून पुढे आम्ही सगळे डागाची पूजा करत होतो.

‘‘म्हणजे ही पूर्व,’’ नूरीन म्हणाली. ‘‘डावीकडे पूर्व, म्हणजे वर दक्षिण. जुन्या नकाशांत असतं असं काका, उत्तर वर हवी असा तेव्हा नियम नव्हता. तुम्ही हा उलटा वाचत होतात.’’ आणि तिने पडद्यावरचं चित्र अलगद फिरवलं.

सगळं गाव जागच्या जागी येऊन बसलं. ओढा वळतो तिथे वळला. दगडी विहीर सापडली, ती तर अजून पाण्याने भरलेली आहे, पोरं पोहतात. मारुतीचं देऊळ मारुतीच्या जागी गेलं, भैरोबा भैरोबाच्या. आणि ठिपक्यांची रेघ मारुतीकडून निघाली. नूरीनने ती मोठी केली. साध्या डोळ्यांना झाड दिसत होतं, पडद्यावर त्याच्या शेंगा दिसल्या. वाकड्या, लांबट, तपकिरी. चिंच. वाट चिंचेला वळसा घालून ओढ्याकडे उतरत होती. त्या चिंचेचा बुंधा सध्या कोणाच्या बुडाखाली असतो हे मला सांगायला नको होतं.

‘‘काका, इथे आता कोण राहतं?’’ नूरीनने सहज विचारलं.

‘‘एक निवृत्त गृहस्थ,’’ मी म्हणालो.

वजीरभाई पुन्हा खिडकीबाहेर बघू लागले. या वेळी खांदे हलत नव्हते. नूरीनने छापील कागद पुढे केला. त्यात एक रकाना होता, नकाशाची वरची दिशा, आणि त्याखाली माझी सही हवी होती. मी म्हणालो, जरा चहा घेऊन येतो. वजीरभाई टपरीपर्यंत बरोबर आले. माझ्या मनात कंपाउंड होतं, हिचं न्हाणीघर होतं, दारावरची पितळी पाटी होती. मी दोन चहा प्यायलो. परत येऊन रकान्यात ‘दक्षिण’ लिहिलं आणि सही केली. सांगलीत लिहायला काय जातं, गावात कोण बघायला येणार आहे, असा एक विचार तेव्हाही मनाच्या कोपऱ्यात होता, तोही सांगून टाकतो.

संध्याकाळी गावात उतरलो तर चौकात गर्दी. डोक्यावर माझा फ्लेक्स. चार फूट माझा चेहरा, मागे रंगीत नकाशा, डाव्या काठाला लाल ठिपका आणि खाली अक्षरं : ‘वाट दाखविणारे आमचे मार्गदर्शक, मा. कंट्रोलरसाहेब.’ गणपती मंडळाचा स्पीकर लावलेला. आणि आकाराम समोर आला, हात मातीने भरलेले.

‘‘छाटनीची मानसं आलीच हुती आज,’’ तो म्हणाला. ‘‘परत मिळत न्हाईत. म्हटलं, दोन वळी काढूनच टाकाव्या. मगाशी ट्रॅक्टर गेला बनुआक्कांच्या रानात. नारळ फोडला.’’

बनुबाई बाजूला उभ्या होत्या, चेहऱ्यावर आनंद होता, थोडा ओशाळलेला. कुणीतरी माझ्या गळ्यात हार घातला आणि हातात माइक दिला.

आता बघा. वाट निघाली होती. म्हातारीचं काम झालं होतं. आकारामच्या वळी गेल्याच होत्या, त्या माझ्या बोलण्याने परत येणार नव्हत्या. माझं कंपाउंड जागेवर होतं. मी फक्त दोन शब्द आभाराचे बोलून घरी जायचं होतं. वजीरभाई पाइप खांद्यावर घेऊन उभे होते आणि माझ्याकडे बघतही नव्हते.

नोकरीत मी एकदाच चुकीची घोषणा केली. आटपाडीच्या गाडीला शिराळ्याची म्हणालो. एक म्हातारी दुसऱ्या टोकाला जाऊन दुसऱ्या दिवशी परत आली. भांडली नाही. खिडकीपाशी येऊन एवढंच म्हणाली, ‘‘तुमी सांगितलं म्हनून बसले.’’ त्या माइकवर ती मला आठवली. मला भाषण येईना. तीस वर्षांत तोंडाला जी एकच भाषा बसली होती तीच बाहेर पडली.

‘‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे,’’ मी म्हणालो. ‘‘आकाराम यांच्या बागेतून जाणारी पाणंद रद्द करण्यात आली आहे. नकाशा उलटा वाचला गेला होता. तो मी वाचला होता. सदर पाणंद मारुतीकडून निघून नाथाजी कंट्रोलर यांच्या कंपाउंडमधून जाईल. झालेल्या गैरसोयीबद्दल...’’ इथे मी माइक खाली घेतला.

आकाराम माझ्याकडे बघत राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं. ‘‘मंजी माज्या दोन वळी...’’ तो म्हणाला.

‘‘माझ्यामुळे,’’ मी म्हणालो. मला अतिशय लाज वाटली.

त्याने हातांची माती झटकली. मग वाचनालयाच्या फलकाकडे मान वळवून म्हणाला, ‘‘आठ दिस लिवलंय न्हवं त्यात?’’

‘‘हो.’’

‘‘सबब चालनार न्हाई, असंबी हाय.’’

‘‘आहे.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तो पहार आणि ट्रॅक्टर घेऊन दारात. हिने विचारलं, ‘‘न्हाणीघर राहतंय का?’’ राहत होतं, हातभराने. कंपाउंडच्या दोन्ही भिंती, धुण्याचा दगड आणि पितळी पाटी लावलेला खांब गेला. पहिली पहार मी मारली आणि ती माझ्याच पायाजवळ पडली, मग आकारामने ती माझ्या हातातून काढून घेतली. वाट चिंचेला वळसा घालून जाते, त्यामुळे बुंधा वाचला. मी अजून त्यावर बसून पेपर वाचतो. बनुबाईंची म्हैस जाता जाता शेपटीने पान उलटते.

आकारामच्या वळी परत लावायला मी पावसाळ्यात गेलो. त्याने माझ्याकडून एक खड्डा खणून घेतला आणि बाकीचे माणसांकडून, कारण माझा वाकडा होता. फ्लेक्स बेदाण्याच्या शेडला पश्चिमेच्या बाजूने लावला आहे, ऊन अडवायला. माझं तोंड आतल्या बाजूला आहे.

कायद्याने सगळं पक्कं व्हावं म्हणून नकाशाची छापील प्रत मी बनुबाईंच्या त्या भोकाच्या नकाशावाल्या कार्यालयात दिली होती. दोन महिन्यांनी ती परत आली. सोबत पत्र : ‘सदर नकाशात सूर्य पश्चिमेस उगवत असल्याचे दिसून येते. तरी त्रुटीची पूर्तता करून प्रकरण फेरसादर करावे.’ मी ते फलकात लावलं आहे, माझ्या सूचनेशेजारी.

बनुबाईंनी यंदा ऊस लावला. त्यांना मी एकदा विचारलं की सभेत तुम्ही गप्प का बसलात, मला दटावलं का नाही. ‘‘एकदा सांगितलं की,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुमी हसला.’’

मग खंडेनवमी आली. टेबलावर शिक्का, मशीन, आणि काचेच्या चौकटीत नकाशाची नवी छापील प्रत, दक्षिण वर. डाव्या काठाला मिशीवाला सूर्य. सगळे जमले होते, आकाराम, वजीरभाई, फोन संपवून बनुबाई. मी हळद लावली, कुंकवात बोट बुडवलं आणि सवयीने डाव्या काठाकडे नेलं.

‘‘कंट्रोलर, तितं नगं,’’ बनुबाई मागून म्हणाल्या. ‘‘परत दिसायचं न्हाई.’’

मी बोट पंचिंग मशीनला पुसलं.